सोलापूरला नेणारा कोर्स

क्लार्कचा ऑफिसर झाला की त्याला राज्याबाहेर धाडायचं, हा आमच्या बँकेचा जुना रिवाज. त्यामुळं आमच्या सोलापूरच्या शाखेत पंचवीस-पंचवीस वर्षं आनंदानं क्लार्क राहिलेली माणसं होती. प्रमोशनच्या परीक्षेची नोटीस लागली की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. मीही त्यांच्यातलाच. पण पंचेचाळिशी उलटल्यावर मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी परीक्षेला बसलो आणि वर पासही झालो. ऑर्डर आली चेन्नईची. बायको महापालिकेच्या शाळेत शिकवायची, मुलगी नववीत होती, तेव्हा त्या दोघी माझ्याबरोबर येणार नाहीत हे कुणी न बोलताच ठरलं. "तीन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे," बायको म्हणाली आणि माझ्या बॅगेत शेंगाचटणीचा डबा कोंबला.

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात मी एका मॅन्शनमध्ये खोली घेतली. मॅन्शन हे नाव मोठं. आत एकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा, प्रत्येक मजल्यावर सामाईक न्हाणीघर आणि खाली मेस. बहुतेक भाडेकरू पंचविशीतले, कुणी नोकरी शोधणारे, कुणी नुकते लागलेले. पिकल्या केसांचा मी एकटाच. ती पोरं मला 'अंकल' म्हणायची आणि जिन्यात बाजूला होऊन वाट द्यायची. बँक मला घरासाठी भाडं द्यायला तयार होती. पण घर घेतलं म्हणजे आपण इथं राहायलाच आलो असं होईल, अशी माझी समजूत. वेडगळच होती, पण एकट्या माणसाच्या समजुती खोडून काढायला घरात दुसरं माणूस लागतं.

बँकेत मला सगळे आडनावानं ओळखायचे. त्यांना ते माझं नावच वाटायचं. एकदा शाखेतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या नावाआधीची ही दोन अक्षरं कशाची?" मी म्हटलं, पहिलं माझं, दुसरं वडिलांचं. "मग हे शेवटचं कुणाचं?" म्हटलं, ते सगळ्या घराचं. त्यांना गंमत वाटली, आणि त्यांनी ते पलीकडच्या टेबलावर तमिळमध्ये सांगितलं. त्या एवढ्या मोठ्या शहरात माझं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. घरीही बायको 'अहो' म्हणते आणि नावानं हाक मारणारी आई गेलेली, तेव्हा तसं पाहिलं तर माझं काही बिघडत नव्हतं. तरीही ते मनाला लागायचं.

दोन हजार साल मागं पडलं होतं आणि सगळ्या बँकांत वारं फिरत होतं. मी जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. सगळ्या शाखा एकाच कॉम्प्युटरला जोडल्या जाणार, लेजरं जाणार, खातेदार कुठल्याही शाखेत जाऊन पैसे काढणार. खासगी बँका गिऱ्हाईक पळवायला टपून बसल्या होत्या. तेव्हा प्रत्येक ऑफिसरनं काहीतरी नवीन शिकायचं आणि काय शिकणार ते लवकर कळवायचं. पर्याय असे होते: परदेशी व्यवहार, म्हणजे फॉरेक्स, शेतीकर्ज, विमा आणि म्युच्युअल फंड विकणं, नाहीतर कॉम्प्युटर.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात विचार तो कसला करायचा? पुढं ज्याची चलती असेल ते शिकावं. मॅन्शनमधली पोरं तसंच करायची. आज जावा, उद्या सॉफ्टवेअर टेस्टिंग, परवा अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून टाइप करायचं शिक्षण. पेपरात ज्याची जाहिरात मोठी, त्या क्लासला जायची. आम्हा बँकवाल्यांचा हिशेब वेगळा. काय शिकलं की कुठं बदली होते, हे आम्ही आधी बघायचो. शेतीकर्ज शिकलेला खेड्यात जातो. विमा शिकलेला कुठंही जातो आणि त्याला बघून नातेवाईक रस्ता बदलतात. कॉम्प्युटर शिकलेला जिथं असेल तिथं खिळतो, कारण मशीन अडलं की पहिली हाक त्यालाच. राहता राहिलं फॉरेक्स. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात, त्यामुळं आमच्या सोलापूरच्या मुख्य शाखेत फॉरेक्सचं टेबल होतं, आणि त्या टेबलावरचा माणूस थोड्याच काळात रिटायर होणार होता. मी फॉरेक्स कळवलं. डॉलर-पौंडाचं मला काडीचं प्रेम नव्हतं. मला घरी जायचं होतं.

आमच्या शाखेतले हेड कॅशियर तंजावरकडचे मराठी. कितीतरी पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं तिकडं गेलेलं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी गोंधळलोच. शब्द आपलेच, पण पणजोबांच्या काळातले, आणि बोलण्याची चाल तमिळ. त्यांच्या घरात नातवंडं तमिळच बोलायची, त्यामुळं माझ्याशी बोलायला त्यांना आवडायचं. मला तर दिवसभरात तेवढीच मराठी कानावर पडायची. दुपारी आम्ही दोघं कॅशच्या जाळीमागं डबे उघडून बसायचो.

"काय निवडिलें?" त्यांनी मला विचारलं.

"फॉरेक्स."

"सरि, बरें केलें," होकाराचा तमिळ शब्द पुढं लावून ते म्हणाले. "पण त्या कंप्यूटरास हात लावूं नका हां. शिकला तो सांपडला."

मग त्यांनी त्यांच्या तिजोरीची गोष्ट सांगितली. शाखेतली जुनी तिजोरी फार हट्टी होती. किल्ली फिरवताना दार खांद्यानं थोडं वर उचलावं लागायचं, आणि ते किती उचलायचं हे तरुणपणी एकट्या यांना साधलं. झालं. त्यानंतर त्यांची गावाकडची बदली दोनदा रद्द झाली. रजा मागितली की मॅनेजर म्हणायचे, उद्या तिजोरी कोण उघडणार? मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी ते बँकेत आले, तिजोरी उघडली आणि मग मांडवात गेले. "मी तिला उघडायास शिकलों," ते म्हणाले, "आणि तिनें मज इथें कोंडून घातलें." हे सांगताना ते हसत होते, पण ताकभाताचा घास त्यांच्या हातात तसाच राहिला होता.

मला त्यांचं म्हणणं पटलं. मी ठरवलं की कॉम्प्युटरच्या वाटेला जायचं नाही. कुणी शिकवायला आलं की मी चष्मा काढून पुसत बसायचो. "आमची पिढी जुनी, आम्हाला नाही जमत" हे इंग्रजीतून म्हणायला फार सोपं आहे, आणि ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

फॉरेक्सचं एक जाडजूड पुस्तक मी आणलं. संध्याकाळी खोलीत पंखा लावून वाचायला बसायचो. निर्यातदारानं माल जहाजावर चढवला, कागद आपल्या बँकेत दिले, ते परदेशातल्या बँकेत गेले, तिथून पैसे आले. वाचता वाचता मी ते सगळं सोलापूरच्या शाखेत बसवून बघायचो. टॉवेलचा कारखानदार समोर बसलाय, मी त्याचे कागद तपासतोय, पाच वाजलेत, आता स्कूटर काढायची आणि वाटेत भाजी घेऊन घरी जायचं. तिथवर आलं की वाचन थांबायचं. शेजारच्या खोलीत पोरं रेडिओ लावून मोठमोठ्यानं हसत असायची. मला त्यांचा राग यायचा, आणि ती गावाला गेली की करमायचं नाही.

रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचा. आधी मुलगी यायची. अभ्यास बरा चाललाय, हो, नाही, बरं, आईला देते. मग बायको. ती आठवड्यातल्या गोष्टी भराभर सांगायची. नळाचं पाणी आता चार दिवसांनी येतं, गॅसवाल्यानं नंबर पुढं ढकलला, वरच्या खोलीत पाणी झिरपतंय. मी सल्ला द्यायला तोंड उघडावं तर काम झालेलंच असायचं. गवंडी येऊन गेला, गॅस मिळाला. "मग बरं झालं," मी म्हणायचो. फोन ठेवला की पुढचा अख्खा रविवार समोर उभा. संध्याकाळी मरीनावर जायचो. तिथं बसायला जागा चिक्कार, पण एकटं बसलेलं माणूस क्वचित. सगळी कुटुंबं, वाळूत फतकल मारून उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल खाणारी, मुलांना पाण्यापासून ओढून आणणारी. थोडं बसून मी मेसच्या जेवणाच्या वेळेला परत फिरायचो.

अशात शाखेत साफसफाई सुरू झाली. म्हणजे झाडलोट नव्हे. लेजरातून कॉम्प्युटरवर जाण्याआधी हजारो खातेदारांची नावं-पत्ते तपासून नव्या प्रोग्रॅममध्ये भरायचे होते. हे काम संध्याकाळी, काउंटर बंद झाल्यावर चालायचं. सगळ्यांचा जीव घड्याळात. कुणाला ठरलेली लोकल गाठायची, कुणाला मुलाची शिकवणी. मला कुठं जायचं होतं? पहिल्या दिवशी मी नुसता चहाला थांबलो. दुसऱ्या दिवशी त्यांचं चाललेलं लांबून बघितलं. मग एकदा कुणीतरी घाईनं लोकलला पळालं आणि मी त्याच्या खुर्चीत बसलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलीच गत. मी एका बोटानं टाइप करायला लागलो, मग दोन बोटांनी. थोड्याच आठवड्यांत असं झालं की कुणाचा स्क्रीन अडला की ते 'सर'चं तमिळ 'सार' करून म्हणायचे, "सार, जरा बघा ना."

त्या 'सार, जरा बघा ना'साठी मी थांबायचो. मॅन्शनच्या खोलीत मला काही बघा म्हणणारं कुणी नव्हतं.

हेड कॅशियर घरी जाता जाता माझ्या खुर्चीमागं उभे राहायचे. "हें काय चाललें?"

"वेळ जातो," मी म्हणायचो.

"वेळ जाईल, मग तुम्हीं कसे जाल?" एवढं म्हणून ते छत्री घेऊन निघायचे.

प्रोग्रॅममध्ये नावासाठी तीन रकाने होते: नाव, मधलं नाव आणि आडनाव. सगळं मुंबईत ठरलेलं, त्यामुळं आडनावाच्या रकान्याला चांदणी होती. तो रिकामा सोडला की मशीन पुढं जाऊच द्यायचं नाही. आणि आमच्या खातेदारांना आडनावंच नव्हती. पुढं एक अक्षर, मग नाव, संपलं. ते अक्षर वडिलांच्या नावाचं. आमचे लोक हात थांबवून एकमेकांकडं बघत बसले. तेव्हा मी उंटावरचा शहाणा पुढं सरसावलो. आडनाव म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. भावाभावांत सारखं असतं ते आडनाव. मग इथं भावाभावांत सारखं काय? वडिलांचं नाव. झालं तर मग. त्या अक्षराचं पूर्ण नाव शोधायचं आणि आडनावात भरायचं. सगळ्यांना हायसं वाटलं. आमच्या मॅनेजरबाईंना झोनल ऑफिसला प्रगती कळवायची घाई, त्यांनीही मान हलवली. अशानं बापाचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरंच होतंय हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मशीनला काय कळतंय, असं म्हणून मी धडाधड नावं भरत राहिलो.

मशीनला कळत नव्हतं, पण त्याला पत्रं लिहिता येत होती. शाखा जोडली गेली त्या आठवड्यात त्यानं सगळ्या खातेदारांना स्वागताची पत्रं छापली. 'प्रिय श्री.' आणि पुढं आडनाव. अशा रीतीनं आमच्या शाखेनं खातेदारांना सोडून त्यांच्या वडिलांना पत्रं पाठवली. ज्या बायकांनी लग्नानंतर नवऱ्याचं अक्षर लावलं होतं, त्यांच्या पत्रांवर नवरे आले.

मग शाखेत जत्रा भरली. एक व्यापारी म्हणाला, माझ्या बापानं मला घरातून हाकललं, दुकान मी माझ्या जिवावर उभं केलं, आणि तुम्ही त्याचं स्वागत करता? दुसऱ्याला वाटलं, आपलं खातं गपचूप वडिलांच्या नावावर केलं, आता भाऊ वाटा मागणार. एक बाई पत्र काउंटरवर आपटून गेल्या. मॅनेजरबाई प्रत्येकाला माझ्या टेबलाकडं पाठवत होत्या, आणि ते योग्यच होतं. मी उठून उभा राहायचो, चूक माझी म्हणायचो, नवीन पत्र देतो म्हणायचो.

त्या गर्दीत एक फार म्हातारे गृहस्थ आले. रेल्वेतून कधीच निवृत्त झालेले, पेन्शन आमच्याकडं. त्यांनी पत्र माझ्यासमोर उलगडून ठेवलं आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही माझ्या वडिलांना लिहिलंय. मी शाळेत असताना ते गेले."

मी माफी मागितली. पत्र बदलून देतो म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "त्यांचं नाव तोंडी असलेलं माणूस आता कुणी उरलं नाही. माझ्या मुलांसाठी ते नुसतं एक अक्षर आहे. काल पोस्टमननं दारात उभं राहून पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. हे मी ठेवलं तर चालेल का?"

ठेवा म्हटलं. ते पत्राची नीट घडी घालून गेले. मी मागं जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला आईची आठवण आली होती आणि ती कुणाला सांगावी असं तिथं कुणी नव्हतं.

यानंतर मात्र मी हट्टाला पेटलो. शाखेतल्या एकेकाला पकडून नावांची रीत समजून घेतली. कुठल्या घरात लग्नानंतर अक्षर बदलतं, कुठं बदलत नाही. कोण गावाचंही अक्षर लावतं. कुणाची दोन अक्षरं असतात आणि कशाची. हेड कॅशियरनी कपाळाला हात लावला, पण डबा खाताना तेही मला शिकवत होते. राहिली आडनावाची चांदणी. एकदा माझं बोट चुकून टिंबावर पडलं आणि मशीननं ते निमूटपणे आडनाव म्हणून गिळलं. नुसतं एक टिंब. मी परत करून बघितलं, परत गिळलं. मग सगळ्यांचे वडील आम्ही त्यांच्या त्यांच्या जागी नेऊन ठेवले आणि आडनावात टिंबं दिली.

हे सगळं मी दोन पानांत लिहून काढलं. मॅनेजरबाईंनी ते झोनल ऑफिसला पाठवलं आणि झोनल ऑफिसनं राज्यभर. वेल्लोरहून, सेलमहून फोन यायला लागले. ते आडनाववाले सार आहेत का? माझा चहा टेबलावर निवून जायचा. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावाचून कधी कुणाचं अडलं नव्हतं. आता अडत होतं, आणि मला ते फार आवडलं. खोलीवर जाताना मी शीळ घालायचो. ते जाड पुस्तक उशाशी पडून होतं, त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालायला लागलो.

त्याच दिवसांत फॉरेक्सच्या कोर्सला माझा नंबर लागला. हैदराबादला जायचं होतं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "आत्ता तुम्हाला सोडलं तर आसपासच्या शाखा मला खातील. पुढच्या बॅचला जा." पुढच्या बॅचची यादी आली तेव्हा सोलापूरच्या त्या टेबलावर कोल्हापूरचा एक जण बसलाही होता. मी हे हेड कॅशियरना सांगितलं. मला वाटलं, ते 'सांगितलें होतें कीं' म्हणतील. पण त्यांनी आपल्या डब्यातलं लिंबाचं लोणचं माझ्या डब्यात वाढलं.

थोड्या दिवसांनी ते रिटायर झाले. ते गेल्यावर बँकेनं नवी तिजोरी आणली, ती कुणालाही उघडता यायची. दुपारचा डबा मी माझ्या टेबलावर खायला लागलो. माझ्याशी मराठी बोलणारं आता शाखेत कुणी नव्हतं. बेरीज करताना मी आकडे मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, एकोणसत्तर, एकोणऐंशी. पलीकडच्या बाई दचकून बघायच्या.

तिसरं वर्ष संपत आलं तसं मॅनेजरबाईंनी मला आत बोलावलं. त्या माणूस म्हणून सरळ होत्या, आडपडदा नसायचा. त्यांनी सांगितलं, झोनल ऑफिसला तुम्ही त्यांच्या टीममध्ये हवे आहात. शाखा जोडत राज्यभर फिरायचं, आणखी दोन वर्षं तरी. पुढच्या प्रमोशनला त्याचं वजन पडेल. "दुसरं म्हणजे तुमचा बदलीचा अर्ज," त्या म्हणाल्या. "सोलापूरच्या एका छोट्या शाखेत जागा निघाली आहे. सेव्हिंग्जच्या काउंटरची. माझं विचाराल तर टीममध्ये जा. तुम्ही आता जे शिकलाय, त्याला बाजार आहे. पण ठरवायचं तुम्ही. उद्या सांगा."

मी तीन वर्षं 'सोलापूर' या एका शब्दाची वाट बघत होतो. तो समोर ठेवला होता, उचलायचा अवकाश. आणि मी म्हटलं, "उद्या सांगतो."

संध्याकाळी बूथवर गेलो. आधी बायको घाबरलीच. "आज कसा फोन? बरं आहे ना?" मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. सोलापूर आधी सांगितलं, एका वाक्यात. टीमबद्दल सांगायला मला बराच वेळ लागला. कोणकोणत्या शाखा, कोण काय म्हणालं, झोनल ऑफिसला माझ्याबद्दल काय वाटतं.

"तिथं मला किंमत आहे गं," मी म्हटलं.

"कळतंय की. आवाजावरूनच कळतंय." मग ती म्हणाली, "एक सांगते, राग मानू नका. पहिल्या वर्षी काही अडलं की मी तुमच्या रविवारची वाट बघायची. मग कळलं, रविवारपर्यंत काही थांबत नाही. आता अडत नाही. मागच्या आठवड्यात पोरगी तापानं फणफणली होती. दवाखान्यात ठेवावं लागलं एक रात्र. सलाइन लावलं. घरी आणली, बरी झाली. आणि रविवारी तुमचा फोन आला तेव्हा ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"लपवलंस होय?"

"लपवलं असतं तर बरं होतं. लक्षातच राहिलं नाही."

बूथच्या बाहेर एक माणूस आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

"आता तुमच्यावाचून चालतं," ती म्हणाली. "म्हणूनच या."

सकाळी मी मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेलो आणि सोलापूर म्हणून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. तिथल्या काउंटरवर तुमच्या या शिकण्याचा काही उपयोग व्हायचा नाही, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ठाऊक आहे.

"घरी काही अडचण आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "घरी माझ्यावाचून सगळं नीट चाललंय."

इंग्रजीत ते चांगल्या बातमीसारखं निघालं. त्यांचा चेहरा उजळला. "मग उत्तमच आहे की," त्या म्हणाल्या, "मग एवढी घाई कसली?"

मी एवढंच म्हटलं की मॅडम, सोलापूर लिहा, आणि जमलं तर आजच लिहा.